दोन अंगठ्यांचं खातं

वाहिद मिस्त्री वीसेक वर्षं आफ्रिकेत काढून नंदुरबारला परत आला, तेव्हा अख्खी गल्ली त्याला बघायला लोटली. सगळ्यांचा प्रश्न एकच, सिंह पाहिला का? मिस्त्रीनं मोंबासाच्या रेल्वे कारखान्यात डब्यांची दारं-खिडक्या बसवण्यात उमेदीची वर्षं घालवली होती. सिंह काही तिथे दार बसवून घ्यायला येत नव्हता. त्यानं खरं ते सांगून टाकलं, की नाही पाहिला. लोकांचा पार विरस झाला, आणि त्यानंतर आफ्रिकेबद्दल त्याला कोणी काही विचारलं नाही. माणसाला थोडं खोटं बोलता यावं, असं मला अशा वेळी वाटतं.

बायको खातून तो तिकडे असतानाच गेली होती. मुलगी सलीमा सुरतेला दिलेली, तिचं सासर मोठं आणि सवड थोडी. घरात तो, त्याचा रंधा आणि दुरुस्तीला आलेल्या लोकांच्या खाटा. दिवसभर ठाकठूक चाले म्हणून शेजाऱ्यांना वाटे, मिस्त्री मजेत आहे. संध्याकाळी हातोडी थांबली की घर इतकं गप्प होई, की तो मुद्दाम खोकून बघायचा.

पण वर्षातून एक दिवस त्याचा होता. दिवाळी सरली, कापूस विकला गेला की सारंगखेड्याहून मगन पाटील येई.

मगन तापीकाठच्या गुजर शेतकऱ्याचा मुलगा. संवत छपन्नच्या दुष्काळात घर बसलं तेव्हा तो बोटीत चढला होता आणि मोंबासाला त्याच कारखान्याच्या वखारीवर लागला होता. परमुलखात खानदेशातला माणूस भेटणं म्हणजे काय, हे तिथे गेल्याशिवाय कळायचं नाही. दोघं एका खोलीत राहिले, एका चुलीवर शिजवून एका ताटात जेवले. मगन मांस खात नसे, म्हणून मिस्त्रीनं त्या खोलीत कधी मटण शिजवलं नाही. हे त्याला मगननं सांगितलेलं नव्हतं.

पैसे साठायला लागले तेव्हा त्यांनी तिथल्या बँकेत खातं काढलं, तेही एकच, दोघांच्या नावावर. मिस्त्रीला कोणी हात पसरला की नाही म्हणता येत नसे, आणि मगनला घरून भावाचा निरोप आला की सगळं पाठवून द्यावंसं वाटे. दोघांचा स्वतःवर भरवसा नव्हता, एकमेकांवर होता. आपल्याकडे देवळाच्या पेटीला दोन कुलपं असतात आणि किल्ल्या दोन पंचांकडे. दोघं हजर झाल्याशिवाय पेटी उघडत नाही. तसंच त्यांनी गोऱ्या साहेबाला दुभाष्याकरवी सांगितलं. साहेबानं मान डोलावली आणि दोघांचे अंगठे घेतले.

पुढे दोघंही मायदेशी आले, पैसा मात्र तिकडेच राहिला. सगळा एकदम आणला तर इकडे सोयरेधायरे तुटून पडतील, ही मगनची भीती. दरवर्षी लागेल तेवढा काढायचा असं ठरलं. त्यासाठी बँकेचा कागद येई, त्यावर मामलेदाराच्या कचेरीत अंगठे उठवून सरकारी शिक्का घ्यायचा आणि कागद बोटीनं परत धाडायचा. मोंबासात असताना हे दोघे परदेशी होतेच, आणि आता आपल्या घरी बसले तर बँकेच्या लेखी आणखीच परदेशी झाले. मिस्त्री हे हसून सांगे. ऐकायला मगनशिवाय कोणी नसे.

तर तो दिवस. मगन पहाटे नावेनं तापी ओलांडून, बैलगाडीनं दोंडाईचा गाठून, रेल्वेनं येई. कचेरीत दोघं शेजारी बसून अंगठे उठवत. मग मिस्त्रीच्या घरी खिचडी. मगन आला की आधी दार ओढून घेई. मिस्त्रीला वाटे, थंडी आहे, शिवाय गप्पांना निवांतपणा हवा. दोघं मोंबासाची भाषा बोलू लागत. बंदराचा वास, खोबरेलात तळलेली मासळी, पगाराच्या दिवशी नाचणारा तो उंच हमाल, सगळं त्या चार भिंतींत परत येई. संध्याकाळच्या गाडीनं मगन जाई. मिस्त्री स्टेशनवर उभा राही आणि पुढलं वर्ष मोजायला लागे.

सन एकोणीसशे छत्तीसच्या त्या वर्षी मगन आला तो काठी टेकत. खिचडी पुढे आली तरी त्याचा घास उचलेना.

"मिस्त्री," तो म्हणाला, "आते खातं बंद करी टाकूत. बन्सीलालले मळामा इंजिन बठाडनं शे. केळीले पानी पुरत नही."

बन्सीलाल हा मगनचा थोरला.

"कर ना भाऊ," मिस्त्री म्हणाला. "तुन्हा पैसा शे."

तोंडानं म्हणाला खरा, पण मनात त्याचा वेगळाच हिशेब चालला होता. खातं बंद म्हणजे कागद बंद, कागद बंद म्हणजे मगन बंद. पैशाचं त्याला काही नव्हतं. आपल्या हिश्श्याचं काय करायचं हेही त्याला सुचत नव्हतं. त्याला मगन हवा होता, वर्षातून एक दिवस का होईना. हे तोंडानं कसं सांगावं? पन्नाशी उलटलेल्या माणसानं दुसऱ्या माणसाला, तू मला भेटायला येत जा, असं सांगायची आपल्याकडे रीत नाही.

कचेरीत त्यानं लहान पोर करील तसलं काम केलं. शाई लावून अंगठा कागदावर टेकवला आणि उचलताना हळूच फिरवला. उमटला तो काळा डाग. कारकुनाचं लक्ष नव्हतं. मगननं एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा मिस्त्रीकडे, आणि कागद शिक्क्यासाठी कारकुनापुढे सरकवला.

उन्हाळ्यात बँकेचं उत्तर आलं. दुसरा अंगठा जुळत नाही, दोघांनी पुन्हा उठवावेत. मिस्त्रीनं ते शाळेतल्या मास्तरांकडून वाचून घेतलं आणि घरी येऊन चक्क शीळ घातली. त्यानं भिंतीला चुना दिला, नवं ताट आणलं. सलीमाला निरोप धाडला, की सध्या येऊ नकोस, पाहुणे यायचेत. पाहुणे! एकाच माणसाला तो पाहुणे म्हणत होता.

आला तो बन्सीलाल, एकटाच. उंबऱ्याबाहेर उभा राहून त्यानं कागद पुढे केला. कागदावर मगनचा अंगठा आधीच उठलेला होता, खाली त्यांच्या तालुक्याच्या, शहाद्याच्या मामलेदाराचा शिक्का.

"आबाना पाय गयात, चाचा. खाटवर पडेल शेत," तो म्हणाला. "तुम्ही तुमना अंगठा दी टाका."

"आत ये, बैस. च्या करस."

"नही चाचा, मी च्या नही पेत."

दोघं कचेरीत गेले. मिस्त्रीनं कारकुनापुढे तक्रार मांडली, की हे चालायचं नाही, अंगठे दोघांनी एके जागी बसून द्यायला हवेत, बँकेचा तसा नियम आहे.

कारकून हसला. "कोणी सांगितलं? ज्यानं त्यानं आपापल्या तालुक्यात दिला तरी चालतो. पहिल्यापासून चालतो. ते पाटील इतक्या लांब का येत होते, मलाच कोडं होतं."

मिस्त्री बन्सीलालकडे बघत राहिला.

"आबाले मालूम व्हतं," बन्सीलाल खाली बघत म्हणाला. "शहादामा पहिलाच साले सांगेल व्हतं त्यासले. तरी तठेच जासू म्हनेत." मग त्याला काही आठवलं. "आनि तुमले सांगाले लायेल शे, आवंदा अंगठा फिरवू नका म्हनीसन."

मिस्त्रीनं अंगठा सरळ टेकवला, सरळ उचलला. रेघ न् रेघ उमटली. घरी जाताना तो एकटाच हसत होता आणि डोळे पुसत होता. म्हणजे इतकी वर्षं मगनला कागदानं आणलं नव्हतं. तो भेटायला येत होता, आणि आपण मूर्खासारखे त्या बँकेला दुवा देत होतो! आता त्याचे पाय गेले, तर आपले शाबूत आहेत. आपणच का नाही जायचं? हे इतकं सोपं होतं, की त्याला स्वतःचा राग आला.

पावसाळा उलटल्यावर पैसे रूपचंद शेठच्या पेढीवर आले. बन्सीलालला बोलावून मगनचा हिस्सा देता आला असता. मिस्त्रीनं तो कमरेला बांधला, दाढी नीट करून घेतली आणि तो दोंडाईच्याची गाडी पकडून निघाला. बैलगाडीत तो मोंबासाची जुनी वाक्यं मनात घोळवत होता. काही शब्द आठवत नव्हते, पण मगनला आठवतील, असं तो स्वतःला सांगत होता.

मगन ओट्यावर खाटेवर होता. मिस्त्रीला पाहिलं आणि त्याचा चेहरा फुलला. मग लगेच तो घराच्या दाराकडे बघायला लागला. मिस्त्री पायरी चढणार, तोच बन्सीलालनं अंगणात पोतं अंथरलं.

"बसा चाचा. सावली शे."

मिस्त्री बसला. पैसे दिले. बन्सीलालनं ते मोजून आत नेले. सून रंजनाबाई दारात येऊन चहाचं भांडं ठेवून गेली. मगनच्या हातात पितळी वाटी आली. बन्सीलालनं वळचणीत हात घालून कान तुटलेला एक कप काढला, त्यातली कोळ्याची जाळी फुंकरीनं उडवली, कप विसळून मिस्त्रीच्या पुढ्यात जमिनीवर ठेवला आणि वरून चहा ओतला. भांडं कपाला टेकू दिलं नाही. त्यात त्याचा उर्मटपणा काही नव्हता. तो अदबीनंच वागत होता, त्यानं साखरसुद्धा जास्त घातली होती.

ही रीत मिस्त्रीला ठाऊक नव्हती असं नाही. गावोगाव दारं बसवत हिंडलेला माणूस तो, असले कप त्यानं पुष्कळ पाहिले होते. पण मगनच्या घरातही असा कप असेल, हे त्याच्या मनाला कधी शिवलं नव्हतं. नंदुरबारला खिचडीआधी ओढून घेतलेलं ते दार आता त्याला कळलं. मगन लांबून का येई आणि कधी चुकूनही, तू ये, असं का म्हणत नसे, तेही कळलं. मगननं त्याला इतकी वर्षं या कपापासून लांब ठेवलं होतं. मुलासुनेला मात्र त्यानं कधी काही सांगितलं नव्हतं. तेवढी हिंमत त्याला झाली नव्हती.

मगनची वाटी तशीच राहिली. त्याचे ओठ हलले. घरातल्या कोणालाही कळणार नाही अशा मोंबासाच्या भाषेत तो हळूच म्हणाला, "निसामेहे." म्हणजे, मला माफ कर.

मिस्त्रीला उत्तर येत होतं. ते त्याच भाषेत होतं आणि अगदी जिभेवर होतं. त्यानं चहा संपवला आणि घरादाराला ऐकू जाईल असं म्हणाला, "च्या चांगला व्हता, पाटील."

पाटील. जन्मात त्यानं मगनला पाटील म्हटलं नव्हतं. मगननं भिंतीकडे तोंड फिरवलं.

मिस्त्रीनं रांजणाजवळ जाऊन बन्सीलालकडून वरून पाणी ओतून घेतलं, कप स्वतः धुतला, आणि रामराम करून तो घाटाकडे चालू लागला.

नाव सुटली तेव्हा तापी भरलेली, शांत होती. नावाडी बोलका होता. एवढा लांबचा पाहुणा रिकाम्या हातानं परत चाललेला बघून त्याला राहवलं नाही.

"चाचा, कोनाकडे उनथात?"

"कोनाकडे नही," मिस्त्री म्हणाला. "बँकनं काम व्हतं. ते सरनं."