शालनची खोली

आमच्या घरातली मागची खोली सकाळपासून लांबते आहे. लांबी कुठून तरी यावी लागते. ती बाकीच्या घरातून येते. चहा होईपर्यंत स्वयंपाकघर ओट्याएवढं उरलं आणि पुस्तकांचं कपाट न्हाणीघराच्या दाराला येऊन टेकलं.

त्या खोलीला आम्ही शालनची खोली म्हणतो. शालन तिथे कधी झोपली नाही. तरुणपणापासून आम्ही दोघी पुढच्या खोलीत, एकाच पलंगावर झोपत आलो. पण पाहुणे येणार असले की ती मागच्या पलंगावरची चादर चुरगाळायची, उशीला कोपरानं खळगा पाडायची, शेजारी केसांचा एक आकडा टाकायची. मी विद्यापीठात शिकवायचे, बाईनं बाईवर प्रेम करण्याबद्दल लिहायचे, सभांमधून बोलायचे, शिव्या खायचे. शालन मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. मोर्चाला यायची, पण फलक तोंडापुढे धरून. म्हणायची, "तुझं नाव पेपरात जातं. माझं नाव शाळेत जाईल."

शालन शाळेतून निवृत्त होऊन वर्षं झाली. चादर चुरगाळणं मात्र सुटलं नाही.

आज सकाळी तिच्या धाकट्या भावाचा, रंगरावांचा, कराडहून निघाल्याचा फोन आला. शालन तापानं फणफणलेली. तरी उठली, चादर चुरगाळायला गेली आणि तिथेच तिला झोप लागली. त्या पलंगाला खऱ्या माणसाच्या वजनाची सवय नव्हती. तेव्हापासून खोली लांबायला लागली.

दुपारी रंगराव आले. बसायला जागा उरली नव्हती, म्हणून उभेच राहिले.

"घर लहान झालं वो बाई तुमचं."

"हो."

"अक्काला न्यायला आलोय. आजारपणात आपल्या माणसांत असावं. तुम्ही मैत्रीण म्हणून लई केलंसा. कुठाय ती?"

"मागे. तिच्या खोलीत."

मी असं म्हणताच खोली आणखी लांबली, आणि आमच्या पलंगाची तिची बाजू भिंतीत गेली.

रंगरावांनी मागच्या खोलीत डोकावलं. पार टोकाला शालनचा पलंग बोटाएवढा दिसत होता. त्याच्या पलीकडे एक दार उघडं होतं, आणि दारातून त्यांचं कराडचं अंगण दिसत होतं. त्यांची सून पापड उलटत होती.

"बरं झालं," रंगराव म्हणाले. "गाडीचा तरास वाचला. तिकडनंच नेतो."

"ती तिची खोली नाही," मी म्हणाले.

"मग निजती कुठं?"

मी भिंतीकडे बोट दाखवलं. भिंत वीतभर मागे सरकली. शालनच्या उशीचं टोक बाहेर आलं.

रंगराव त्या टोकाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हे तुम्ही सांगताय. तिला सांगू द्या."

चारचौघांत शालन मला बाई म्हणते. दार लावल्यावर तानू.

रंगराव खोलीच्या तोंडाशी गेले आणि ओरडले, "अक्का, कुणाकडं येतीस?"

सून पापड उलटायची थांबली. शालन उठून बसली. तिनं आधी चादर झटकून सारखी केली. उशी थोपटून खळगा घालवला. आकडा उचलून केसांत खोचला. मग आमच्याकडे तोंड करून हाक मारली.

ओठ हललेले मी पाहिले; बाई की तानू, ते कळलं नाही. हाक निघाली आहे, अजून पोचलेली नाही. रंगराव कानामागे हात धरून उभे आहेत, आणि माझ्या पाठीला घराचं पुढचं दार लागलं आहे.