बटणांची चौकट आणि मुंगीचा कोट

मित्रांनो, शर्टाचं बटण लावायला तुम्हाला कुणी शिकवलं, आठवतं का? नाहीच आठवणार. जमेपर्यंत ते जगातलं सर्वांत अवघड काम असतं. एकदा जमलं की माणूस ते कष्टही विसरतो आणि शिकवणाऱ्यालाही. अशा विसरल्या गेलेल्यांपैकीच मी एक. मी बालवर्गातली बटणांची जुनी चौकट आहे.

एका सुतारानं खिडकीच्या उरलेल्या लाकडातून मला घडवलं. मुलांच्या बोटांत कुसळ जाऊ नये म्हणून तो मला इतका वेळ घासत बसला की त्याची बायको म्हणाली, "अहो, चौकट करताय की आरसा?" मग वर्गाच्या ताईंनी माझ्यावर जाड निळ्या कापडाचे दोन पदर ताणून बसवले. एका पदराला पाच मोठी बटणं, दुसऱ्याला पाच काजं. एवढाच माझा संसार.

दारासमोरच्या खालच्या फळीवर माझी जागा. शेजारी पाणी ओतायचे छोटे जग, ओवायचे मणी, निवडायच्या बिया आणि खरखरीत कागदाची अक्षरं. मुलं हवी ती वस्तू उचलून चटईवर नेतात आणि काम झालं की जागच्या जागी आणून ठेवतात. काम चाललं की सगळी इतकी गंभीर होतात की मला हसू आवरत नाही.

आणि आमच्या ताई! अशी बाई मी दुसरी पाहिली नाही. चकार शब्द न बोलता त्या एकदाच दाखवतात. बटण धरायचं, तिरकं करायचं, अर्धं काजात सरकवायचं, पलीकडून ओढायचं. मग मुलाच्या शेजारी स्वतःच्या हातांवर बसतात. हो, अगदी हात मांडीखाली घेऊन. नव्या पालकांना वाटतं, यांना थंडी वाजतेय. तसं नाही. डोळ्यांसमोर मूल चुकत असताना आपला हात आवरणं महाकठीण असतं. ताईंना ते जमतं, आणि त्यासाठी मी त्यांना मनोमन नमस्कार करते.

एका वर्षी वर्गात मुंगी आली. हे तिचं घरचं लाडाचं नाव. तिचे बाबा बेकरीत कामाला. सकाळच्या धांदलीत ते तिच्या कोटाची बटणं चुटकीसरशी लावून मोकळे होत. वर्गात मात्र नियम होता. थंडीत अंगणात खेळायला जायचं, तर आपला कोट आपणच घालायचा आणि बटणंही आपणच लावायची. बाकीची मुलं धूम ठोकत. मुंगी उघडा कोट घालून दारापाशी बटणांशी झटत राही, आणि तिचं पहिलं बटण लागायच्या आत खेळायची वेळ संपून जाई.

म्हणून ती रोज मला घेऊन बसू लागली. माझी पाचही बटणं ती पटापट लावी. तिचं कौतुक व्हायचं आणि माझी मान ताठ व्हायची. पण कोट काही दाद देईना. शेवटी एक दिवस तिनं कोट खुंटीला अडकवला आणि हळूच म्हणाली, "मला अंगणात जायचंच नाही. माझी बोटं वाईट आहेत."

ताईंनी तिची समजूत घातली नाही. त्यांनी मला मांडीवर घेतलं आणि एक बटण नुसतं टेकवलं. ते आपसूक पार गेलं.

"मुंगे, इकडे ये बघू," ताई म्हणाल्या. "तुझी बोटं चांगली आहेत गं. ही चौकट सैल झालीये. हिला फुंकर मारली तरी बटण लागेल. मी आधीच बघायला हवं होतं."

इतक्या वर्षांत इतक्या बोटांनी माझी काजं रुंद झाली होती. दुसऱ्या कुणी मला अडगळीत टाकलं असतं. ताईंनी सुईदोरा घेतला, मुंगीचा कोट शेजारी ठेवला आणि त्याच्या काजांइतकी माझी काजं घट्ट शिवली. मुंगी नाक पुसत बघत होती.

त्यानंतर तिनं माझ्यावर बराच राग काढला. पहिल्या बटणाला ती रडली. ताई हातांवर बसून राहिल्या. तिसऱ्या बटणाला मुंगी रडायचं विसरली.

आणि एका दुपारी तिनं कोट खुंटीवरून काढला. सुरुवातच एक काज सोडून झाली, त्यामुळे एक बाजू वर गेली, दुसरी खाली लोंबली. "झालं," ती म्हणाली. ताईंनी नीट पाहिलं आणि दार उघडलं. मुंगी बाणासारखी सुटली.

मित्रांनो, माझं मागणं मोठं नाही. जुनी वस्तू सैल झाली तर टाकून देऊ नका, दोन टाके घाला. आणि घरातलं धाकटं भावंड बटणाशी झटत असेल, तर जरा थांबा. त्याचं काम हिसकावून घेऊ नका.

त्या दिवशी मुंगीला न्यायला आलेल्या बाबांचं सांगायचं राहिलंच. घाईघाईत आले, स्वतःचा कोट उघडाच. तिला पाहून त्यांचा हात सवयीनं पुढे झाला. "अगं, हे काय वेडंवाकडं..."

"राहू द्या," ताई म्हणाल्या. "बटणं तिची तिनं लावलीयेत."

बाबा तिच्या कोटाकडे बघत राहिले. मग दारातच उकिडवे बसले आणि म्हणाले, "मग माझीही लावून दे."

मुंगीनं जीभ बाहेर काढून एकेक बटण लावलं. बाबा जागचे हलले नाहीत. मग दोघं हात धरून घरी गेली, दोघांचेही कोट एका बाजूनं वर आणि एका बाजूनं खाली.