अकरा घरांचा राब

प्रणिताची मुलाखत अडीचला होती, आणि माझी चूक मला सव्वाबाराला कळली.

प्रणिता माझ्या धाकट्या भावाची मुलगी. भातशेतीच्या मातीवर तिने पीएचडी केली आणि गेली दोन वर्षं ती युरोपातल्या विद्यापीठांत पुढच्या संशोधनासाठी जागा शोधत होती. एकेचाळीस अर्ज केले. मुलाखतीपर्यंत पोहोचला तो एकच, नेदरलँड्सचा. जूनमध्ये पीएचडीला तीन वर्षं झाली की बहुतेक जागांसाठी ती बादच. अर्जाला तिने आपला एक शोधनिबंध जोडला होता. त्याच्या पुरवणीत शेतकऱ्यांशी झालेल्या बोलण्याचं इंग्रजी भाषांतर होतं. ते माझं. कर्जतच्या शाळेत चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, एवढ्या बळावर मी ते अंगावर घेतलं, आणि शेवटच्या दिवशी घाईत तिने ते न वाचता पाठवलं.

मुलाखतीच्या दिवशी दुपारी दहिवलीची भागूबाई आमच्या अंगणातला पाचोळा मागायला आली. राबाला हवा म्हणाली. मी विचारलं, राब म्हणजे काय?

"येवढी बुकं वाचता नि राब ठावं नाय?" ती हसली. "पेरायच्या आधी पाला, शेण पसरून जमीन भाजत्यात, तो राब. तुमी काय समजलात, मास्तर?"

मी कष्ट समजलो होतो. राबणे या क्रियापदावरून. 'धूर होतो म्हणून राब सोडला' याचं मी 'धुरामुळे श्रम करणे थांबवले' अशा अर्थाचं इंग्रजी केलं होतं. तेव्हाही ते वाक्य खटकलं होतं, पण विचारायची लाज वाटली. छापील प्रत काढून पाहिलं. अकरा ठिकाणी. निबंधात प्रणिताने लिहिलं होतं की अकरा घरांनी राब भाजणं बंद केलं. पुरवणीत त्याला आधारच उरला नव्हता. वाचणाऱ्याला वाटणार, आकडा हिने मनानेच घातला.

सांगावं तर ऐन वेळी तिचा धीर जाईल. दोनदा तिच्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन परत आलो. दोन वाजता आत गेलो आणि उभ्यानेच सांगून टाकलं.

तिने प्रत घेतली, चार पानं वाचली.

"काका, खुर्ची आणा. इथे बसा."

"मी कशाला गं?"

"विचारलं तर तुम्हीच सांगायचं."

पडद्यावर तिघं होती. ओळख होताच प्रणिताने पुरवणीतल्या चुका स्वतःहून सांगितल्या. मधल्या बाईंनी विचारलं, भाषांतर कोणाचं? प्रणिताने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. मुलांना शिकवलेलं सगळं इंग्रजी कुठे गेलं कोण जाणे. शब्द मला माहीत नव्हता, माहीत आहे असं वाटलं, आज एका शेतकरी बाईने सांगितला, एवढंच कसंबसं म्हणालो.

बाईंनी एक कागद कॅमेऱ्यासमोर धरला. माझ्या वाक्याखाली लाल रेघ होती. पहिला प्रश्न हाच विचारणार होते, त्या म्हणाल्या, आणि उत्तर पटलं नसतं तर पुढे गेले नसते. सोमवारपर्यंत दुरुस्त पुरवणी आणि मूळ रेकॉर्डिंग पाठवा, असं सांगून त्या मातीवरच्या प्रश्नांकडे वळल्या.

रविवारभर भागूबाईला शेजारी बसवून मी एकेक वाक्य ऐकलं. तिने आणखी तीन चुका काढल्या.

उत्तर नऊ दिवसांनी आलं. प्रणिताने फोन माझ्या हातात दिला. मी मेल दोनदा वाचली आणि तरी तिलाच विचारलं, "निवड झाली, असाच अर्थ ना गं?"

"असाच, काका."