न आलेला ठसका

तोंडानं ‘जा’ म्हणणाऱ्या माणसाच्या मनात ‘जाऊ नकोस’ असतं, तेव्हा समोरच्यानं काय ऐकावं? भूपेशचं म्हणणं, मनातलं ऐकावं. नाहीतर मैत्री कशाला म्हणायची? सार्थकनं तोंडचं ऐकलं आणि तो खरंच पोर्तुगालला गेला.

मानकोलीच्या अलीकडचं त्यांचं गाव क्रिकेटवेडं. टेनिस बॉलच्या टुर्नामेंट, बक्षिसाला मोटरसायकल, माईकवर घसा फाटेस्तोवर कॉमेंट्री. अशा गावात फुटबॉलचे वेडे दोनच. शाळेपासून दोघं गावामागच्या बंद पडलेल्या खाणीत खेळायचे. खाणीची एक बाजू म्हणजे उभा कापलेला डोंगर. नेम चुकला तरी बॉल कड्यावर आपटून आपला आपण परत यायचा. भूपेश गोलात उभा राहायचा, सार्थक मारायचा.

नववीत असताना त्यांना पोर्तुगालमधल्या ब्रागा शहराच्या स्टेडियमचा फोटो सापडला. एका गोलच्या मागे प्रेक्षकच नाहीत, नुसता दगडाचा उभा कडा! जुनी खाण फोडूनच बांधलेलं स्टेडियम. “आयला, ही तर आपलीच खाण!” भूपेश ओरडला होता. बघायचं तर दोघांनी मिळून, असं त्याच दिवशी ठरलं. पुढे भूपेश गोडाऊनमध्ये सुपरवायझर झाला, सार्थक बापाच्या जागांचे भाडेकरार बघू लागला, पण ठरलेलं ठरलेलंच राहिलं.

यंदा दोघांनी व्हिसासाठी अर्ज केले. सार्थकचा आला, भूपेशचा नाकारला.

“मंग मी पन न्हाय जात,” सार्थक म्हणाला.

“येडा हायस का? जा. येकाला तरी बघूं दे.”

हे बोलताना भूपेशला स्वतःच्या मोठेपणाचं फार कौतुक वाटलं. आता सार्थक पुन्हा एकदा ‘नाही जात’ म्हणेल, आपण पुन्हा आग्रह करू आणि शेवटी तो जाणार नाही, असा त्याचा हिशेब होता. दोन दिवसांनी सार्थक आला तो भूपेशची मोठी सॅक मागायला.

त्यात सार्थकचे वडील केसरीनाथ. पोरानं नवी बाईक घेतली तरी ते नाक्यावर बॅनर लावायचे, हा तर युरोप! ‘परदेश दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा.’ मधोमध गॉगल घातलेला सार्थक आणि खाली शुभेच्छुकांच्या रांगेत, त्याला न विचारताच, भूपेशचा हसरा फोटो. रोज ड्युटीला जाताना भूपेशला त्या बॅनरखालून जावं लागे. आपण आपल्याच जखमेवर मीठ चोळत हसतोय, असं त्याला वाटायचं.

मॅचच्या दिवशी भूपेश कामावर होता. संध्याकाळी फोटो यायला लागले. डोंगरावरच्या फाटकातून आत शिरलं की मैदान एकदम खाली खोल दिसतं, तो फोटो. दोन छपरांना जोडणाऱ्या, मैदानावरून ताणलेल्या लोखंडी दोऱ्या. आणि मग तो कडा, उन्हात पिवळा झालेला. भूपेश प्रत्येक फोटोला ‘मस्त रे’ लिहीत होता आणि आतून जळून कोळसा होत होता. हा कडा पहिला कुणी ओळखला? मी. खाणीत गुडघे कुणी फोडून घेतले? मी. आणि बघतोय कोण, तर ज्याला साधा ऑफसाइड मी शिकवला तो!

“पड मेल्या त्याच दगडावरनं,” तो पुटपुटला. बाजूला ट्रक भरत होते, कुणी ऐकलं नाही.

रात्री एक व्हिडिओ आला. भूपेशनं तो उघडलाच नाही. किती म्हणून मिरवायचं माणसानं?

दुसऱ्या दिवशी केसरीनाथच गोडाऊनवर आले, चेहरा उतरलेला. “भूपेश, सार्थक तिकडं पायऱ्यांवरनं पडला. पाय मोडला रं.”

भूपेशच्या हातातला स्कॅनर खाली पडला. असल्या गोष्टींवर आपला विश्वास नाही, असं त्यानं स्वतःला दिवसभर बजावलं. विश्वास नसलेला माणूस दिवसभर बजावत बसत नाही, हेही त्याला कळत होतं.

सार्थक प्लास्टर घेऊन परतला तेव्हा त्याच्या हॉलमध्ये निम्मा गाव जमला होता. सोफ्यावर सार्थक, स्टुलावर पाय. फोटो या हातातून त्या हातात फिरत होते.

“यो तं आपल्या खानीसारखाच हाय,” केसरीनाथ म्हणाले. “दगूड बघाया येवरा लांब जेलास?”

सगळे हसले. भूपेशही हसला, जरा जास्तच.

तेवढ्यात सार्थकची आई हौसा घमेल्यात रसरशीत निखारे घेऊन आली. मुठीत मीठ, मोहरी, सुक्या मिरच्या. तिनं सार्थकवरून मूठ उतरवली, “आल्यागेल्याची, घरच्याची, दारच्याची...” असं पुटपुटत सगळं निखाऱ्यावर टाकलं.

भूपेशनं श्वास रोखला. मिरचीचा ठसका आला तर नजर नव्हती. नाही आला तर नजर लागलेली. पोराटोरांनाही ठाऊक असलेली गोष्ट. मिरच्या फुगल्या, काळ्या पडल्या. धूर निघाला. पण कुणाला साधी शिंक आली नाही.

“बगा,” हौसा म्हणाली. “ठसका न्हाय. कोनाची तरी लय मोठी नजर हाय माझ्या पोराला.”

ती सगळ्यांकडे पाहू लागली. तिची नजर एकेकावरून सरकत आपल्याकडे येतेय हे भूपेशला दिसत होतं. ती पोचायच्या आत त्यानं काहीतरी करायला हवं होतं, आणि त्यानं ते केलं. तो खोकला. मग जोरात खोकला, अगदी वाकून, छाती धरून.

सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. एवढ्या माणसांत मिरची एकट्याला लागली होती.

“तुलाच बरा ठसका आला रं?” हौसा म्हणाली.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. भूपेशला वाटलं, जमीन फाटावी. त्यानं सार्थककडे पाहिलं. सार्थक त्याच्याकडे टक लावून बघत होता आणि त्याला सगळं कळलं होतं. मग सार्थकनं तोंडावर हात घेतला आणि तोही खोकायला लागला.

“आये... किती मिरच्या टाकल्यास! घमेलं बाहेर ने, जीव जाईल!”

ते ऐकून केसरीनाथही खाकरले. बघता बघता दोघंतिघं खोकू लागले. हौसाचा चेहरा उजळला. “मंग न्हाय नजर. नुसता पाय घसरला,” म्हणत ती घमेलं घेऊन मागच्या दारी गेली. मंडळी तिच्यामागून चहाला सरकली.

दोघंच उरले.

“मॅच कशी झाली?” भूपेशनं कसंबसं विचारलं.

“हास्पिटलातल्या टीव्हीवर बघितली. मॅचच्या आधीच पडलो ना.” “हास्पिटलातनं धाडलेला शेवटचा व्हिडिओ उघडलास?”

भूपेशनं मान खाली घातली. भूपेशनं खिशातून फोन काढला आणि व्हिडिओ लावला.

कडा हलत होता. मागून सार्थकचा धापा टाकणारा आवाज: “भूप्या, बघ तुझी खान! थांब, वरचं टोक येत न्हाय. पुरता दाखवतो तुला. आनखी जरा मागं जातो... आनखी जरा...” मग एकदम आभाळ आलं, फोन खडखडला आणि माणसं ओरडली.

भूपेशनं फोन खिशात टाकला. मग तो उठला आणि मागच्या दाराशी गेला. अंगणात हौसा घमेल्यावर पाणी ओतायला निघाली होती.

“काकी, इझवू नका,” तो म्हणाला. “सार्थकची नजर परत काढा. आता मी खोकनार न्हाय.”