इंजिनाला फासलेला रंग

चढावर मोटारसायकल खरखरली आणि बंद पडली, तेव्हा सुईणबाईंच्या पाठीवर बाळंतपणाची पिशवी होती आणि टेकडीपलीकडे एक बाई कळा देत होती. उरलेली वाट त्यांनी जवळजवळ धावतच काढली. पोचल्या तर मूल शेजारणीच्या हातात. मायलेकरू सुखरूप होतं, पण ते नशिबानं. इंजिनाचं सगळं काम नुकतंच गॅरेजमध्ये करून घेतलं होतं.

"तुमचा हात जड आहे, बाई," गॅरेजवाला उस्ताद फोनवर हसला. "बायकांना गिअरचं जमत नाही."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ढकलत आणलेली गाडी त्यांनी अंगणात उभी केली. तिथं सासरे बसले होते; त्यांचा जन्म कारखान्यात लेथ मशीनवर गेलेला. हात आता कापायचे, नजर मात्र शाबूत.

"किक मार. कशी लागते?"

"लोण्यात पाय घातल्यासारखी."

"प्लग काढून आत चमचाभर ऑइल सोड. प्लग लाव, आता मार."

किक एकदम घट्ट लागली.

"ऑइलनं फटी बुजल्या, म्हणून दाब धरला. पिस्टनच्या रिंगा झिजून गेल्यात, पोरी. खोल."

सासरे सांगत गेले, सून पाना फिरवत गेली. बाहेरून चकचकीत चंदेरी रंग, आत सिलिंडरला उभे ओरखडे. पिस्टनवरची रिंग काढून सिलिंडरमध्ये बसवली, तर तिच्या दोन टोकांमधून बाईंचं नख आरपार गेलं; नव्या रिंगेत जेमतेम केसाएवढी फट राहते.

"बाबा, यानं आतलं काहीच बदललं नाही?"

"पुसलं आणि परत बसवलं. वर रंग फासला, मेल्यानं."

दुसऱ्या दिवशी रिंगेसकट तो सिलिंडर उस्तादच्या टेबलावर दाणकन आदळला.

"सासऱ्यांना पाठवा, त्यांना समजावतो."

"गाडी चालवते मी, इंजिन खोललंही मीच. मला समजवा. नवी रिंग अशी बसते?"

ताटकळलेली गिऱ्हाइकं भोवती जमली. एकानं वाकून फट पाहिली आणि आपली चावी परत मागितली.

"कामगारांच्या हातून राहिलं असेल," उस्ताद पुटपुटला.

"आणि माझा हात जड, नाही का?"

उस्तादला काम पुन्हा करून द्यावं लागलं. ओरखडे जावेत म्हणून सिलिंडर आतून मोठ्या मापाला कापून आला, नवा पिस्टन, नव्या रिंगा आल्या. बाई स्टूल ओढून समोरच बसल्या. हातात घेऊन पाहिल्याशिवाय एकही भाग बसवू दिला नाही. गाडी सुरू झाली. ना धूर, ना खडखड.

"झालं ना मनासारखं?" उस्ताद म्हणाला. चूक झाली, हे काही त्याच्या तोंडून निघालं नाही.

"बाळाच्या गळ्याला नाळ गुंडाळलेली असती, तर काय केलं असतंत? तिथंही रंग फासला असता?"

उस्ताद हात पुसत राहिला.

नवा पिस्टन रुळेपर्यंत गाडी सावकाश चालवायची होती. अॅक्सिलरेटर पुरता पिळून सगळा रस्ता दणाणून सोडावा, असं बाईंच्या मनात उसळत होतं. दात आवळून त्या हळूहळू निघाल्या. एक सायकलवाला घंटी वाजवत पुढे गेला, त्याचाही त्यांना राग आला.