जुडीची गाठ

"म्हणजे बाटलीत औषध आहे की पाणी, हे तुम्हालाही माहीत नाही?" सुतारानं नर्सबाईला भर रस्त्यात गाठलं.

"नाही माहीत. निम्म्या बाटल्यांत पाल्याचा अर्क, निम्म्यांत नुसतं कडू पाणी. अर्कानं हा ताप-खोकला अडतो का, तेच तर बघायचंय. घरात ज्याची छाती नाजूक, त्यानं दोन वेळा घशात फवारायचं. आणि बाटलीला बांधलेली नंबराची चिठ्ठी हलवायची नाही!"

"वा! पलीकडच्या वस्तीत सहा माणसं गेली आणि आम्ही आंधळी कोशिंबीर खेळायची!" असं म्हणत सुतारानं सुनेची बाटली मात्र घट्ट धरली. सून दोन लेकरांची आई. नवरा परगावी, आणि लाकडाच्या भुशानं तिला चार पावलांवर दम लागायचा.

शेजारचा पालेवाला ऐकत उभा होता. पाला त्याच्याच शेतातला. वीस वर्षं तो आणि बायको मिळून कापत, वाळवत, जुड्या बांधत आले होते. कडू दोन्ही लागणार, पण दहा आकडे मोजले की खऱ्या अर्कानं जिभेचं टोक बधिर होतं, ही खूण नर्सबाईच्या कागदात कुठून असणार? बायकोची बाटली घरी ठेवून तो शेतावर गेला. दोन थंड्यांत ती छातीच्या दुखण्यानं मरणाच्या दारातून परत आली होती. तिसऱ्यांदा निभणार नाही, असं डॉक्टरनं तोंडावर सांगितलं होतं.

संध्याकाळी आल्या आल्या त्यानं दोन थेंब जिभेवर घेतले. दहा मोजले, वीस मोजले. जीभ ठणठणीत. म्हणजे बायकोच्या वाट्याला नुसतं पाणी.

सकाळी सुताराची करवत चालू होती, सून पाण्याला गेली होती. त्यांच्या खिडकीतली बाटली पालेवाल्यानं चाखली. जीभ बधिर! चिठ्ठीचा दोरा ओढताच सुटला. एका झटक्यात सुटणारी ती गाठ बोटांना ओळखीची वाटली, पण चोराच्या मनात चांदणं, विचार करायला थांबतो कोण? त्यानं बाटल्या बदलल्या, चिठ्ठ्या जिथल्या तिथं बांधल्या आणि घरी आला. लाज वाटत होती. त्याहून जास्त हायसं वाटत होतं.

पाचव्या दिवशी पाहतो तर बाटली भरलेलीच.

"अगं, घेत का नाहीस?"

"कडू पाणी पिऊन कुणाचं भलं झालंय?"

"पाणी नाही ते. माझ्यासमोर घे!"

कटकट नको म्हणून तिनं फवारलं. थोड्या वेळानं तिचा हात ओठांवर गेला आणि चेहरा पांढराफटक पडला.

"ही बाटली इथं कशी आली?"

"मी आणली. सुताराच्या खिडकीतून. तुझ्यासाठी."

"अहो, मीच ठेवली होती ती तिथं! पहिल्याच दुपारी!" ती मटकन खाली बसली. "जीभ काय तुम्हालाच दिलीय देवानं? खरं औषध आपल्याकडं आलं होतं. मी गेले तर तुम्ही एकटे रडाल. ती गेली तर दोन पोरं उघड्यावर पडतील. गाठसुद्धा ओळखली नाहीत माझी?"

जुडीची गाठ. वीस वर्षं तिच्या हातची सोडत आला होता तो.

तेवढ्यात भिंतीपलीकडून खोकला ऐकू आला. कोरडा, खोल, काही केल्या न थांबणारा. बायको उठू लागली तसा तो ओरडला, "तू नको! तुझी छाती…" आणि बाटली घेऊन स्वतःच धावला.

सुतारानं दार उघडलं. दोन्ही नातवंडं त्याच्या पायांना बिलगलेली.

"सुनेला रात्रीपासून ताप आहे," तो म्हणाला. "नर्सबाईला निरोप धाडलाय. पण मला घोर नाही. आपल्या बाटलीत औषधच आहे, बघ. पहिल्या संध्याकाळी तिच्या जिभेला चांगल्या मुंग्या आल्या होत्या. नंतर काही जाणवेना म्हणाली. मी म्हटलं, सवय झाली असेल. एक वेळ चुकवू दिली नाही मी तिला."

पालेवाल्याच्या हातात बाटली तशीच राहिली. धाकटा नातू तिच्या चिठ्ठीचा दोरा ओढत होता. तो काही सुटत नव्हता. पालेवाल्यानं घाईत निरगाठ मारली होती.