दगडी कापूस

सोनूबाईने सुनेच्या हातातलं घमेलं हिसकावून घेतलं आणि तिला दंडाला धरून स्वयंपाकघरातून ओढतच अंगणात आणलं. मैनाला सातवा महिना लागला होता. सासूने असा हात तिला कधी लावला नव्हता. ती नुसती बघत राहिली.

"पदर झाड," सोनूबाई म्हणाली, आणि लगेच तिचा हात धरला. "नको, झाडू नको. विहिरीवर जा. लुगड्यासकट डोक्यावरून पाणी घे."

"काय झालं, आत्या?"

"आधी जा."

आत पहारेचा आवाज चालूच होता. गुणाजी मिस्त्री शिडीवर उभा राहून माळ्याच्या फळ्या उचकटत होता. फळी सुटली की तिच्यावर दाबून बसवलेला पांढुरका, केसाळ थर तुटून खाली येई. त्याची धूळ मातीच्या धुळीसारखी खाली बसत नव्हती. खिडकीतून येणाऱ्या उन्हात ती तशीच तरंगत होती, आणि तिच्यात ओणवी होऊन, सासू-सुनेबरोबर मजुरीला आलेली शेजारीण हौसा ते गोळे हातांनी घमेल्यात भरत होती.

मांडवीतलं हे घर तीस-पस्तीस वर्षांमागे बोटीवरच्या एका इंजिनियरने बांधलेलं. त्याचं आधीचं घर चुलीच्या ठिणगीने जळालं होतं. म्हणून नव्या घराच्या चुलीवरचा माळा त्याने मुंबईहून पोती आणून या थराने भरून घेतला; आगीला तो जुमानत नाही म्हणे. आता घर काशीरामशेठनी घेतलं होतं. वैशाखात, आठ दिवसांवर, त्यांच्या मुलीचं लग्न होतं, आणि तोवर घर नवं करून देण्याचा शब्द गुणाजीने दिला होता.

"हौसा, बाहेर ये," सोनूबाई दारातून म्हणाली. "मिस्त्री, हात थांबवा."

गुणाजीने खाली पाहिलं. त्याच्या भुवया आणि मिशा पांढऱ्या झाल्या होत्या.

"तो दगडी कापूस हाय. मुंबईला गोदीत आमचे हे बोटीच्या बॉयलरवरनं तोच खरवडून काढायचे. माणूस मारतो तो."

"कापसाने माणूस मरतो होय?" गुणाजीने पहार पुन्हा फटीत घातली. "इंजिनियर याच्याखाली बसून पंचवीस वर्षं जेवला. म्हातारा होऊन गेला."

"फळ्यांच्या वर गप पडून होता, तवर त्याने कुणाचं काय केलं नाय. फोडलात की उडतो. छातीत गेला की बाहेर येत नाय."

"सोनूबाय, उद्या सकाळी सुतार येतोय. आज माळा उतरला नाय तर शेठला काय सांगू? तुम्हाला नको असेल तर राहू दे. मिरकरवाड्यातनं दुसऱ्या बाया आणतो."

"आणा. त्यांनाही मी दारातच सांगेन."

ती उंबऱ्यावर बसली. हौसा कडेने बाहेर आली आणि काही न समजून तिच्या मागे उभी राहिली. गुणाजीचा चेहरा लाल झाला. त्याने पहारेवर जोर दिला, फळी करकरली, आणि मूठभर थर सोनूबाईच्या पायाशी येऊन पडला. ती हलली नाही. पदराचं टोक तेवढं तिने नाकावर धरलं.

"गोदीतल्या टोळीत चौघे होते," ती म्हणाली. आवाज वर गेला नव्हता. "चौघेही आपल्या संगमेश्वराकडचे. पहिला दादू गेला. मग महिपत. आमचे हे तीस सालच्या पावसाळ्यात गेले. रात्री कामावरनं आले की मी त्यांचे कपडे दारात झटकायची. माझ्याही छातीत असेल तो. चढावर मला दोनदा बसावं लागतं."

"क्षय असतो मुंबईला. माणसं मरतात."

"डॉक्टरही आधी क्षयच म्हणाला. पण चौघांतल्या एकाच्याही थुंकीत रगत आलं नाय. नुसता श्वास पुरेना. मग दुसरा डॉक्टर म्हणाला, ही धूळ हाय, हे काम सोड. तवा सोडून काय उपेग नव्हता."

गुणाजीने पहार पुढच्या फटीत सरकवली.

"चौथा केरू," सोनूबाई म्हणाली. "तुमचा मावसभाऊ. तो गावी येऊन गेला. तुम्ही होतात ना तिथं?"

पहार फटीत तशीच राहिली. केरूला शेवटचे दोन महिने आडवं होता येत नव्हतं. ओटीवरच्या खांबाला पाठ लावून तो बसल्या बसल्या झोपायचा, आणि पाणी पिताना मध्येच थांबून गुणाजीच्या तोंडाकडे बघायचा. पेला गुणाजीच्या हातात असायचा. घोट आणि श्वास, दोन्ही एकदम त्याला जमत नव्हतं.

गुणाजी शिडीवरून उतरला. अंगणात येऊन त्याने तळहाताने मिशी पुसली, हाताकडे पाहिलं, आणि विहिरीकडे जाऊन बराच वेळ चूळ भरत राहिला.

"मग उतरवायचा कसा?" परत येऊन त्याने विचारलं.

"भिजवून. भिजला की उडत नाय. ओल्या पोत्यांत भरायचा आणि खड्ड्यात पुरायचा. आत मी जाते. माझं व्हायचं ते झालंय."

"एकट्याने फळी निघायची नाय," गुणाजी म्हणाला, आणि त्याने आपला पंचा पाण्यात बुडवला.

दुपारभर दोघं आत होती. हौसा आणि मैना विहिरीचं पाणी दारापर्यंत आणून ठेवत. पुढे यायची त्यांना मनाई होती. थर पाणी लवकर धरत नव्हता. तांब्यामागून तांबे ओतावे लागत. भिजून जड झालेला लगदा सोनूबाई पोत्यात भरी आणि गुणाजी तो परसातल्या खड्ड्यात नेऊन टाकी. जांभ्यात खणलेला खड्डा फार खोल गेला नव्हता. त्यावर माती आणि वर चिरे रचायचे त्याने ठरवलं.

उन्हं कलली तेव्हा दोन फळ्या उरल्या होत्या. सोनूबाई श्वास घ्यायला विहिरीच्या काठावर येऊन बसली. मैनाने लांबूनच तिच्या पायांवर पाणी ओतलं. बोटांमध्ये अडकलेला एक पुंजका सुटून दगडावर आला. मैना वाकून त्याच्याकडे पाहू लागली.

"आत्या, हा गिरणीतला कापूस ना?"

"गिरणीत कुठला हा?"

"यांच्या सदऱ्याला असाच होता. शिमग्याला आले तवा. मीच धुतला." मैनाचा आवाज बारीक झाला. "म्हटलं, हा कसला कापूस, हाताला टोचतो. तर म्हणाले, गिरणीत असाच असतो. आईला दाखवू नको, ती उगाच काळजी करते."

सोनूबाईच्या पायावरचं पाणी दगडावरून ओघळत राहिलं. तिचा मुलगा बाळा दिवाळीनंतर मुंबईला गेला होता. गिरणीत लागलो, असं त्याने कार्डावर लिहून कळवलं होतं. ते कार्ड शाळामास्तरांनी तिला दोनदा वाचून दाखवलं होतं.

"खोकतो?" तिने विचारलं.

"नाय." मैना थांबली. "सकाळी जरा."

सोनूबाईने तो पुंजका उचलला, ओल्या फडक्यात गुंडाळला आणि नेऊन खड्ड्यात टाकला. गुणाजी तिथे फावडं घेऊन उभा होता.

"मिस्त्री, मुंबईची बोट उद्या कवा?"

"सकाळी लागते. बंदरावर उजाडायला जावं लागेल." त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि फावडं मातीत रोवलं. "बोटीपर्यंत नेणारा पडाववाला ओळखीचा हाय. सांगून ठेवतो."

मैना तिच्या मागोमाग आली होती.

"सांगून ऐकायचे नायत ते, आत्या."

"त्याच्या बापालाही मी सांगतच राहिले," सोनूबाई म्हणाली. "आता सांगायला नाय जात. आणायला जाते. तू हौसाकडे राहा."

तिने फडकं पुन्हा भिजवून नाकातोंडावर आवळून बांधलं आणि आत जाऊन शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला. तिथेच ती थोडी थांबली. गुणाजीने येऊन खालून शिडी धरली.